शनिवारी वीज नसते तेव्हा

शनिवारी सातपूरला वीज जाते
दहा ते तीन.
दगू मिस्त्री म्हणायचे, तारांची दुरुस्ती ते करतात,
आपली आपण करायची.
तरी प्लग आधी उपटायचा, वीज नसली तरी.
ती कधी येईल
ते तिचं तिलाही माहीत नसतं.

जानेवारीची थंडी, पत्र्याचं शेड गारठलेलं.
बाहेर उन्हाच्या पट्ट्यात गोणपाट टाकते
आणि सँडरला उताणा पाडते
दुपटं बदलायला घेतल्यासारखा.

आधी पिशवी. चेन उघडली की महिना उलटा सांडतो:
वर परवाचं एमडीएफ, मैद्यासारखं, बिनवासाचं;
त्याखाली साग, गंगापूर रोडच्या डॉक्टरांचा दरवाजा,
अजून वास धरून आहे;
अगदी तळाशी बाभूळ, लालसर,
पेठकडच्या शाळेचे बाक.
त्यांचे पैसे यायचेत.

पॅडला आठ भोकं. मोजतेच दर वेळी,
कारण बुजलेलं भोक भोकासारखं दिसत नाही.
उदबत्तीच्या काडीने उकरायचं.
कागद चिकटतो त्या केसाळ गादीतली भुकटी
टूथब्रशने, गोल गोल, न दाबता.
टूथब्रश नवऱ्याचा होता. आता याचा.
थिनर मुळीच नाही, प्लास्टिक पांढरं पडतं.
फडका ओला, पण पिळून पिळून
जवळपास कोरडा.

चार स्क्रू. चहाच्या बशीत चारही.
एकदा एक पडला, तेव्हा मिस्त्रींनी
अख्ख्या शेडचा भुसा चाळणीने चाळायला लावला मला.
स्क्रू मिळाला नाही.
माझ्या कुडीची फिरकी मिळाली,
जी हरवलीय हेच मला ठाऊक नव्हतं.

आत कार्बनच्या दोन कांड्या, नखाएवढ्या.
एकच झिजली तरी दोन्ही बदल, म्हणायचे,
जोडी आहे ती.
हे सांगताना मिस्त्री वर बघायचे नाहीत.

मग बेअरिंग. बोटाने फिरवून कानाशी.
खरखरलं तर भुसा आत गेलाय.
सळसळलं तर चालेल दिवाळीपर्यंत.
काहीच ऐकू आलं नाही तर उत्तम.
(मिस्त्रींच्या छातीत पहिला आवाज होता.
थंडी आहे गं, म्हणायचे,
मे महिन्यातसुद्धा.
आता घोटीला असतात, मुलीकडे.)
आणि तेल? तेल द्यायचं नाही.
तेल भुसा ओढून घेतं.

पोटावरचा स्टिकर फडक्याने पुसते.
कंपनीचं अर्धं नाव, नंबर अजिबात नाही,
चौदा वर्षांच्या तळहाताने खाल्लेला.
माझंही तसंच आहे.
मंगळवारी अशोकनगरच्या रेशन दुकानात
त्या काचेने माझा अंगठा घेतला नाही.
उजवा नाही, डावा नाही,
मागची बाई म्हणाली, पदराला पुसून बघा.
पुसून बघितला.
दीडशे नंबरचा कागद, दोनशे वीस, चारशे,
कुणाकुणाचे दरवाजे गुळगुळीत करताना
माझ्याही रेघा गेल्या असतील भुशाबरोबर,
याच पिशवीत, साग आणि बाभळीच्या मधे कुठेतरी.
दुकानदार चांगला माणूस. म्हणाला,
आठ दिवस खोबरेल लावा, ताई, रेघा वर येतात.
मिस्त्री म्हणतात तेल नको, हा म्हणतो लावा.
मी रात्री लावते, सकाळी पुसते,
कामावर येते.

तीन वाजून दहा मिनिटांनी
पलीकडच्या शेडमधला लेथ खाकरतो.
म्हणजे आली.
झाकण बसवते, आवळते, प्लग लावते,
बटण दाबते. त्याला कुठलाही अंगठा चालतो.
अर्धा मिनिट रिकामाच फिरू द्यायचा,
लाकूड न दाखवता.
आवाज बरा आहे, पातळ, एकसारखा,
तळहातात मुंग्या नाहीत.

मग बशीकडे लक्ष जातं.
बशीत एक स्क्रू.

प्लग उपटते.